ॲप कुठलंही घ्या, तयारी तासगावच्या फोनची करा

वाचकाचं पत्र: नमस्कार ताई. आम्ही सांगलीचे. गणपती झाले की मी आणि मिस्टर तीन महिन्यांसाठी म्युनिकला लेकीच्या बाळंतपणाला चाललोय, परदेशात जायची ही पहिलीच वेळ. सासूबाई ८३ वर्षांच्या आहेत, इतकी वर्षं आमच्याकडेच असतात, आता तीन महिने तासगावला धाकट्या दिरांकडे राहतील. त्यांच्याकडे बटनाचा फोन आहे. ऐकायला कमी येतं, कानाचं मशीन घेऊन दिलंय पण लावत नाहीत. तासगावचं घर जुनं, आत रेंज येत नाही. जाऊबाई म्हणाल्या की रोज व्हिडिओ कॉल लावून द्यायला मला जमेलच असं नाही, ते मला जरा लागलं. जाताना दुबईला सहा तास थांबायचंय आणि कुणीतरी सांगितलं की तिथे व्हॉट्सॲप कॉल लागतच नाही, खरं का? जावई म्हणतात घरी वायफाय आहे काळजी करू नका, शेजारचे काका म्हणतात स्काईप घ्या, भाचा म्हणतो इंटरनॅशनल पॅक मारा. नेमकं कुठलं ॲप घेऊ? फुकटात होईल का? आणि रोज बोलणं झालं नाही तर सासूबाईंना वाटेल टाकून गेले, हीच मोठी धास्ती आहे.

नमस्कार ताई,

आधी लेकीच्या बाळंतपणासाठी खूप खूप शुभेच्छा, सगळं सुखरूप होऊ दे.

आता ॲपचं. व्हॉट्सॲपच ठेवा, दुसरं काही शोधत बसू नका. तुमच्याकडे आहे, लेकीकडे आहे, जाऊबाईंकडे नक्की असणार आणि जर्मनीत ते व्यवस्थित चालतं, कॉलला वेगळे पैसे नाहीत, फक्त नेट लागतं. काकांना सांगा की स्काईप मायक्रोसॉफ्टने ५ मे २०२५ ला बंद केलं, ते आता नाहीच. प्रश्न ॲपचा नाहीच मुळी. म्युनिकला तुमच्या हाताशी लेक आहे जावई आहे चांगलं वायफाय आहे, तिथून कॉल लावणं अगदी सोपं, अडणार आहे ते तासगावला, म्हणजे फोन वाजला का, वाजला तर ऐकू आला का, ऐकू आला तर उचलता आला का आणि उचलल्यावर समोरचं कळलं का. या चार गोष्टी तुम्ही निघायच्या आधी तासगावला जाऊन बघायच्या आहेत, म्युनिकला पोचल्यावर त्यातलं काहीही तुमच्या हातात राहणार नाही. म्हणून उत्तर बरंचसं तासगावबद्दलच लिहितेय, कंटाळू नका.

सासूबाईंचा बटनाचा फोन काढून घेऊ नका. तो त्यांचा हातचा आहे, अंधारात चाचपडत सुद्धा हिरवं बटन सापडतं त्यांना. व्हिडिओसाठी दुसरा फोन पाहिजे, त्याला नवीन घ्यायची गरज नाही, तुमच्या घरात एखादा जुना स्मार्टफोन कपाटात पडलेला असेलच, तो चार-पाच वर्षांचा असला तरी चालेल फक्त बॅटरी बरी पाहिजे आणि स्क्रीन मोठी. त्यात एक सिम घाला, त्या नंबरवर व्हॉट्सॲप सुरू करा आणि तो फोन फक्त सासूबाईंचा. जाऊबाईंच्या फोनवर सगळं ठेवलं की काय होतं, त्या स्वयंपाकात असतात, बाजारात जातात, त्यांच्या माहेरचे फोन येतात, मग आपला कॉल त्यांना ओझं वाटतो आणि त्यात त्यांची चूक नाही ना.

या जुन्या फोनवर काय काय करायचं ते सांगते, हे तुमच्या भाच्याकडून करून घ्या, त्याला पॅकपेक्षा हे काम द्या. होम स्क्रीनवरचं सगळं काढून टाकायचं. मग व्हॉट्सॲपमधे तुमचं चॅट उघडून वरच्या तीन टिंबांत शॉर्टकट जोडायचा पर्याय असतो तो दाबला की तुमच्या फोटोसकट चॅट सरळ होम स्क्रीनवर येतं. असे तीनच फोटो ठेवा, तुमचा, तुमच्या मिस्टरांचा आणि नातीचा. सासूबाईंना नाव वाचायची गरज नाही, फोटोवर बोट ठेवलं की चॅट उघडतं आणि वर कॅमेऱ्याचं चिन्ह दिसतं. अक्षर सगळ्यात मोठं करा, स्क्रीन लॉक काढून टाका, रिंगटोन जुन्या लँडलाइनसारखी ट्रिंग ट्रिंग लावा, कारण गाणं वाजलं की त्यांना टीव्ही वाटतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, रिंग वाजलीच नाही अशी तक्रार सगळीकडे असते, त्याची कारणं बहुतेक वेळा ही असतात. पहिलं म्हणजे नेट बंद. आपल्याकडे कितीतरी घरांत काम झालं की नेट बंद करून ठेवायची सवय आहे, बॅटरी वाचते नेट वाचतं म्हणून. साधा कॉल नेट बंद असताना येतो पण व्हॉट्सॲपचा येत नाही, हे घरातल्या प्रत्येकाला मोकळेपणाने सांगावं लागतं. दुसरं, शाओमी, विवो, ओप्पो, रिअलमी या फोनमधे बॅटरी वाचवण्यासाठी फोन स्वतःच ॲप झोपवून टाकतो, मग कॉल येतो पण रिंग वाजत नाही, नंतर उघडल्यावर मिस्ड कॉल दिसतो. सेटिंगमधे व्हॉट्सॲपच्या बॅटरीच्या पर्यायात जाऊन त्याच्यावरचं बंधन काढायचं आणि ऑटोस्टार्ट चालू करायचं. तिसरं, व्हॉट्सॲपमधे प्रायव्हसीत कॉल्सच्या खाली अनोळखी कॉलर गप्प करायचं एक बटन असतं. ते चालू असेल आणि तुमच्या जावयांचा जर्मन नंबर त्या फोनमधे सेव्ह नसेल तर त्यांचा कॉल वाजणारच नाही. म्हणून म्युनिकमधले सगळे नंबर आधीच अधिक ४९ हा जर्मनीचा कोड लावून सेव्ह करून ठेवा. चौथं म्हणजे रोजचा डेटा संपणं. दीड-दोन जीबी रोजचा पॅक असतो, पुतण्याने हॉटस्पॉट घेऊन मॅच बघितली की संध्याकाळपर्यंत संपतो आणि मग स्पीड ६४ केबीपीएस वर येतो, त्यात व्हिडिओ विसरा, आवाज सुद्धा तुटक येतो. त्या फोनचा हॉटस्पॉट कुणाला द्यायचा नाही हे प्रेमाने पण स्पष्ट सांगा.

तासगावच्या जुन्या घराचं तुम्ही लिहिलंय ते माझ्या डोळ्यासमोर आलं, जाड भिंती, सोप्यात रेंज चांगली आणि माजघरात शून्य. बोलायची जागा ठरवून टाका. सोप्यात, खिडकीजवळ, भिंतीला टेकून खुर्ची, समोर स्टूल आणि त्यावर मोबाईलचा स्टँड. स्टँड नक्की घ्या, शंभर-दोनशे रुपयांत येतो, कारण म्हाताऱ्या माणसाचा हात थरथरतो आणि मग तुम्हाला अर्धा वेळ छताचा पंखा दिसतो आणि अर्धा वेळ हनुवटी. उजेड त्यांच्या तोंडावर पडू दे, पाठीमागे नको. दिरांच्या घरी फायबरचं कनेक्शन असेल तर फारच छान, मग वायफायवरच बोला. वायफाय असेल तर बटनाच्या नाही पण घरातल्या दुसऱ्या स्मार्टफोनवर वायफाय कॉलिंग सुद्धा चालू करा, एअरटेलने डिसेंबर २०१९ मधे आणि जिओने जानेवारी २०२० मधे ते सुरू केलंय, माजघरात टॉवर नसला तरी साधा फोन वायफायवरून लागतो. लाइट गेली की राउटर बंद पडतो हे लक्षात ठेवा, राउटरचा छोटा यूपीएस मिळतो तो लावून घेतला तर लाइट गेली तरी काही तास नेट राहतं. पावसाळा संपता संपता लाइटचा काही भरवसा नसतो आपल्याकडे.

आता कानाचं मशीन. हे मी थोडं कडक लिहिते, रागावू नका. मशीन लावत नाहीत म्हणजे ते बसत नसेल, शिट्टी वाजत असेल किंवा आवाजाचा गोंगाट होत असेल, हट्ट म्हणून सोडून देऊ नका. निघायच्या आधी सांगलीत ज्यांच्याकडून घेतलं त्यांच्याकडे नेऊन परत ट्यून करून घ्या, आणि फोनवर बोलताना शिट्टी वाजते का ते तिथेच बसून तपासा. शिट्टी बहुतेक वेळा फोन कानाला चिकटवल्याने वाजते, म्हणून स्टँडवर फोन ठेवून लांबून बोलणं बरं पडतं. फोनचा स्पीकर बारीक असेल तर छोटा ब्लूटूथ स्पीकर जोडा, आवाज मोठा येतो, फक्त तो फोनला अगदी चिकटून ठेवू नका नाहीतर तुम्हाला तुमचाच आवाज परत ऐकू येईल. आणि बोलताना तुम्ही ओरडू नका. ओरडल्यावर आवाज फाटतो, शब्द कळत नाही, हळू आणि तोंड कॅमेऱ्यासमोर ठेवून बोललं की निम्मं ओठांवरून कळतं. व्हिडिओ हा सासूबाईंसाठी हौस नाही ताई, ऐकू कमी येणाऱ्या माणसाला तोंड दिसणं म्हणजे ऐकू येणंच आहे, म्हणून मी फक्त आवाजाच्या कॉलवर भागवा असं म्हणत नाही.

अजून एक, आवाज पोचायला वेळ लागतो. तुमचं बोलणं म्युनिकहून समुद्राखालच्या केबलमधून मुंबईच्या किनाऱ्यापर्यंत आणि तिथून तासगावला जातं, यात क्षणभराचा उशीर असतो. टेलिकॉमवाल्यांच्या जागतिक संघटनेच्या शिफारशीत एका बाजूचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असला तर बोलणं सहज वाटतं असं म्हटलंय, तो वाढला की दोघंही एकदम बोलायला लागतात आणि मग दोघंही एकदम गप्प होतात. सासूबाईंना वाटतं हिला माझं ऐकायचंच नाही. त्यांना आधीच सांगा की तुमचं वाक्य झालं की थोडं थांबा, मी बोलेन. आणि कधीतरी दोन-चार दिवस सगळंच अडखळेल, सप्टेंबर २०२५ मधे तांबड्या समुद्रात जेद्दाजवळ केबली तुटल्या तेव्हा भारतात आणि आखातात नेट मंदावलं होतं. असं झालं तर घाबरू नका, व्हिडिओ बंद करून नुसतं बोला.

आता जाऊबाईंचं, तुम्हाला लागलं ते कळतं. पण त्यांच्या बाजूने बघा ना. ८३ वर्षांच्या माणसाचं तीन महिने सगळं बघायचं, औषधं, पथ्य, रात्रीचं उठणं, वर रोज ठराविक वेळेला हातातलं टाकून फोन लावून द्यायचा. त्यांनी नाही म्हटलेलं नाही, जमेलच असं नाही म्हटलंय, आणि हे आधी सांगितलं ते बरंच झालं. तुम्ही रोजचा व्हिडिओ मागूच नका. आठवड्यात तीन दिवस ठरवा, समजा सोमवार, गुरुवार आणि रविवार, आणि लावायचा तुम्ही, त्यांनी नाही. बाकीच्या दिवशी व्हॉईस मेसेज पाठवा. व्हॉईस मेसेजचं महत्त्व आपल्याला कळत नाही, पण म्हाताऱ्या माणसांना तो फार आवडतो, नेट खराब असलं तरी पोचतो, ऐकायची घाई नसते, आणि परत परत ऐकता येतो. सासूबाई भाजी निवडत बसल्या असतील तेव्हा पुतण्याने एकदा लावून दिला की झालं, त्यात जाऊबाईंची पाच मिनिटं सुद्धा जात नाहीत. तुम्ही आज काय केलं, लेक कशी आहे, काय जेवलात, थंडी किती आहे, असं दोन-तीन मिनिटांचं बोला. नुसतं कशा आहात आई, बऱ्या आहात ना, असं विचारलं की त्या बरी आहे म्हणतात आणि संपतं.

आणि आठवड्यातून एकदा जाऊबाईंना वेगळा फोन करा, सासूबाईंच्या चौकशीसाठी नाही, त्यांच्या स्वतःसाठी. तू कशी आहेस, दमलीस का, काही पाहिजे का. सासूबाई तुम्हाला पडल्याचं, बीपी वाढल्याचं, जेवण जात नसल्याचं सांगणार नाहीत, लांब गेलेल्या माणसाला वाईट बातमी द्यायची नाही अशी त्या पिढीची पद्धत आहे, खरं काय ते जाऊबाईच सांगतील, आणि तुमच्यावर विश्वास असेल तरच सांगतील. त्या जुन्या फोनचं रिचार्ज तुम्ही करा, दर महिन्याला, न सांगता. तिकडून बसून सुद्धा होतं. दिरांवर त्याचा खर्च टाकू नका.

वेळेचं एक सांगायचं राहिलं आणि तुमच्या तारखांमुळे ते जरुरीचं आहे. तुम्ही जाल तेव्हा म्युनिक आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असेल, पण ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडे घड्याळं एक तास मागे करतात, मग फरक साडेचार तासांचा होतो. म्हणजे तुम्ही दुपारी २ ला फोन करत असाल तर तासगावला साडेपाच वाजलेले असतात आणि त्या रविवारनंतर तुमचे २ म्हणजे तिथले साडेसहा, दिवे लावायची आणि हरिपाठाची वेळ. म्हणून वेळ तासगावच्या घड्याळाने ठरवा आणि त्यानंतर तुम्ही एक तास आधी बसा, तिकडे १ वाजता. सासूबाईंना घड्याळ बदलतं हे समजावत बसू नका, त्यांच्यासाठी साडेपाच म्हणजे साडेपाचच राहू दे.

दुबईचं विचारलंत, ते खरं आहे. दुबईत, म्हणजे सगळ्या अमिरातीत, तिथल्या नेटवर्कवर आणि विमानतळाच्या वायफायवर व्हॉट्सॲपचे मेसेज, फोटो, व्हॉईस मेसेज सगळं जातं पण कॉल चालत नाही. तिथे इंटरनेटवरून कॉल फक्त परवाना असलेल्या ॲपवरून करता येतो, त्यात बोटिम आहे, झूम, गूगल मीट, टीम्स हे पण मंजूर आहेत. सहा तासांसाठी सासूबाईंच्या फोनवर बोटिम घालायची काही गरज नाही. विमानतळाचं वायफाय फुकट आहे, ते जोडा, पोचलो, जेवलो, पुढचं विमान एवढ्या वाजता, असा व्हॉईस मेसेज टाका आणि निघायच्या आधीच घरी सगळ्यांना सांगून ठेवा की दुबईतून कॉल येणार नाही, मेसेज येईल. नाहीतर तुम्ही कॉल लावत बसणार, तिकडे आवाज येणार नाही आणि दोन्हीकडे जीव टांगणीला. कुणी म्हणेल व्हीपीएन, म्हणजे आपण कुठून नेट वापरतोय ते लपवणारं ॲप, टाका लागतो कॉल, ते अजिबात करू नका, तिथल्या २०२१ च्या सायबर कायद्यात व्हीपीएन लावून गुन्हा ठरेल असं काही केलं तर ५ लाख ते २० लाख दिरहम दंड लिहिलाय, सहा तासांच्या मुक्कामात असला धोका कशाला घ्यायचा.

आता तुमच्या स्वतःच्या फोनचं. भाच्याला सांगा तीन महिन्यांचा इंटरनॅशनल पॅक मारायची गरज नाही, तो महाग पडतो आणि तुम्ही दिवसभर लेकीच्या घरीच असणार, तिथे वायफाय आहे. बाहेर पडताना लागेल तेवढ्यासाठी जर्मनीचं प्रीपेड सिम जावयांकडून घ्या, तिथे सिम घेताना पासपोर्टवरून ओळख पटवावी लागते त्यामुळे थोडा वेळ लागतो, किंवा तुमचा फोन ई-सिम, म्हणजे कार्ड न घालता फोनमधेच सुरू होणारं सिम, घेणारा असेल तर ते टाका. डेटाचा हिशेब असा धरा, नुसत्या बोलण्याला तासाला तीस-चाळीस एमबी, व्हिडिओला तासाला तीनशे एमबी आणि कधी त्याहून जास्त. व्हॉट्सॲपच्या स्टोरेज आणि डेटा मधे कॉलला कमी डेटा वापरा असं बटन आहे, बाहेर असताना ते चालू ठेवा.

पण तुमचं सांगलीचं सिम फोनमधून काढू नका हं. दोन सिमचा फोन असेल तर ते आतच राहू दे. एक कारण बँकेचे ओटीपी, पेन्शनचे मेसेज, ते त्याच नंबरवर येतात, म्हणून निघायच्या आधी भारतात असतानाच कंपनीला सांगून इंटरनॅशनल रोमिंग चालू करून घ्या, तीन महिने पुरेल एवढी व्हॅलिडिटी मारा, आणि मग त्या सिमचं डेटा रोमिंग बंद ठेवा. त्या सिमवर येणारे साधे कॉल तिथे उचलू नका, उचलले की पैसे जातात, एसएमएस वाचायला काही लागत नाही साधारणपणे पण तुमच्या कंपनीला एकदा विचारून घ्या. दुसरं कारण असं की नोव्हेंबर २०२५ मधे आपल्या दूरसंचार विभागाने व्हॉट्सॲप, टेलिग्राम, सिग्नल या ॲप्सना आदेश दिलाय की ज्या नंबरवर खातं आहे ते सिम फोनमधे असेल तरच ॲप चालावं. म्हणजे सिम काढून कपाटात ठेवून गेलात आणि तिकडे व्हॉट्सॲपच अडलं असं व्हायला नको. नवीन सिम घातल्यावर व्हॉट्सॲप विचारेल नंबर बदलायचा का, तिथे नाही म्हणा, जुनाच नंबर ठेवा, म्हणजे तासगावच्या फोनवर तुमचा फोटो आणि नाव तसंच दिसेल.

तुम्ही तिकडे असताना जावई एखाद्या शनिवार-रविवारी कुठे फिरायला नेतील, ऑस्ट्रियात साल्झबर्गला नेलं तर काही प्रश्न नाही, जर्मन सिम युरोपियन युनियनच्या सगळ्या देशांत जास्तीचे पैसे न लागता चालतं, जून २०१७ पासून तसा नियम आहे. पण स्वित्झर्लंड युनियनमधे नाही! तिकडे तो नियम लागू नाही, काही कंपन्या देतात काही देत नाहीत, आणि आपली माणसं नेमकं तिथेच डोंगरावर उभं राहून व्हिडिओ कॉल लावतात. बॉर्डर यायच्या आधी डेटा बंद करा आणि हॉटेलच्या वायफायवर बोला. आणि तिकडे ट्रेनमधे, बाल्कनीत स्पीकरवर मोठ्याने बोलू नका, रात्री १० नंतर शांतता पाळतात आणि शेजारी तक्रार करतात, लेकीला तिथे राहायचंय. हॉस्पिटलमधे बाळ दाखवायचा कॉल लावाल तेव्हा बाकीच्या बायका कॅमेऱ्यात येणार नाहीत एवढं बघा, त्या लोकांना ते अजिबात चालत नाही, आधी नर्सला विचारा.

आता अडीअडचणीचं. रात्री सासूबाईंना काही झालं आणि तासगावचं नेट बंद असेल तर व्हॉट्सॲप कामाचं नाही, तेव्हा बटनाचा फोन आणि दिरांचा साधा नंबर कामाला येतो. तिकडच्या काही प्रीपेड सिमवर भारतात बोलायची मिनिटं मिळतात तसं सिम जावयांना बघायला सांगा, नाहीतर व्हायबर आउट सारख्या ॲपमधे थोडे पैसे भरून ठेवा, त्यातून नेटवरून साध्या फोनला आणि लँडलाइनला सुद्धा कॉल लागतो. नंबर लावताना अधिक ९१ आणि मग दहा आकडी मोबाईल, आणि सांगलीची लँडलाइन असेल तर ०२३३ मधलं शून्य काढून अधिक ९१ २३३ आणि पुढचा नंबर. घरी सांगून ठेवा की अशा वेळी अनोळखी नंबर दिसेल. तुमच्या लेकीच्या बाजूला काही झालं तर तिकडे ११२ लावायचा, व्हॉट्सॲपवरून तो लागत नाही, साध्या फोनवरूनच.

आणि हे पण सांगायला हवं, मुलं परदेशात आहेत असं कळलं की फसवणारे फोन येतात. तुमच्या सुनेला जर्मनीत पोलिसांनी पकडलंय, ॲक्सिडेंट झालाय, लगेच पैसे पाठवा, आणि आता तर आवाज सुद्धा हुबेहूब काढता येतो. घरातल्या घरात एक खूण ठरवा, असं काहीतरी जे फक्त तुमच्या घराला माहीत आहे, सासूबाईंच्या माहेरच्या म्हशीचं नाव म्हणा किंवा दुसरं काहीही, पैशाचं बोलणं निघालं की आधी ते विचारायचं. नाही सांगता आलं तर फोन ठेवायचा. पैसे गेलेच तर लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन. आणि तुमच्या, मिस्टरांच्या आणि त्या जुन्या, तिन्ही फोनच्या व्हॉट्सॲपला टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा सहा आकडी पिन लावून घ्या, तो दिरांकडे आणि तुमच्याकडे लिहून ठेवा.

शेवटी तुमची धास्ती, टाकून गेले असं वाटेल ही. ताई, असं वाटणं फोन किती वेळा झाला यावर कमी आणि त्यांना आधी काय सांगितलंय यावर जास्त असतं. त्यांना आत्ताच बसवून सांगा, कुठे जाणार, किती दिवस, परत कधी येणार, त्या तारखेवर कालनिर्णयवर गोल करून तो तासगावला त्यांच्या डोळ्यासमोर टांगा. फोनचे वार पण त्यावर खुणा करून ठेवा. ठरलेल्या वारी मात्र चुकवू नका, बाळंतपणाच्या गडबडीत तुम्ही दमलेल्या असाल तर मिस्टरांनी लावायचा, त्यांची आई आहे, हे काम सुनेनेच करायचं असं कुठे आहे. उलट मुलगा बोलला की त्यांना जास्त बरं वाटेल. आणि त्यांना काहीतरी विचारा, सल्ला मागा. बाळंतिणीला कुठला लाडू, डिंकाचा की अळीवाचा, बाळाला तेल कसं लावायचं. तुमच्या लेकीची डॉक्टर सांगेल ते करालच, पण ज्यांनी इतकी बाळंतपणं केली त्यांना विचारलं की त्या फोनची वाट बघतात आणि मशीन सुद्धा आपणहून लावतात.

तुमच्याकडे अजून महिनाभर आहे. या रविवारी तासगावला जा, जुना फोन सोप्यात स्टँडवर लावा, सासूबाईंना समोर बसवा आणि तुम्ही घराबाहेर रस्त्यावर जाऊन तिथून व्हिडिओ कॉल लावा. कुणी मदत करायची नाही, त्यांनी स्वतः उचलायचा. पहिल्यांदा नाही जमणार, हिरवं बटन दाबण्याऐवजी वर सरकवायचं असतं हे त्यांच्या बोटाला कळायला वेळ लागतो. मग दर दोन दिवसांनी सांगलीहून लावत राहा, निघेपर्यंत सवय होईल. रिंग वाजत नसेल किंवा कॉल मधेच तुटत असेल तर तो जुना फोन कुठल्या कंपनीचा आहे आणि तासगावला कुठलं सिम घातलंय ते मला लिहून कळवा, त्याप्रमाणे कुठलं सेटिंग कुठे आहे ते सांगते.